सापळे वाढवायचे की मुदती पाळायला लावायच्या?

गोदाकाठ:
महसूल खात्यातील कोणी लाच घेताना पकडला गेल्याची बातमी नाशिक जिल्ह्यात आता कोणालाही नवी वाटत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे काम मोलाचेच आहे. परंतु सापळा लागतो तो मागणी झाल्यावर, आणि तोही तक्रारदार पुढे आला तरच. माझ्या मते खरे दुखणे विलंबाचे आहे. जमीनखरेदीनंतर फेरफाराची (सातबाऱ्यावर मालकाचे नाव बदलण्याची) नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची असते. त्यापुढे ती नोंद जितके दिवस पडून राहते, तितके दिवस विकता येतात. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली असते, पीककर्जासाठी नावावरचा सातबारा हवा असतो, आणि मग "साहेबांना एकदा भेटून घ्या" एवढेच पुरते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नेमका येथेच लागू पडतो: अधिसूचित सेवेला मुदत, ती चुकल्यास खात्यातच दोन अपिले, तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. त्याची अंमलबजावणी कडक करावी.

सिडकोवासी:
असहमत. 5,000 रुपयांच्या दंडाला कोण भीक घालतो? शिवाय मोठा पैसा दाखल्यांत नसून कंत्राटांत असतो. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट, मलनिस्सारण अशी कामे निघतात. तेथे मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या वहीत) खडीचा थर जास्त जाडीचा लिहिला गेला, तर देणारा खूश आणि घेणाराही खूश. अर्जदारच नाही, मग अपील कोण करणार? (सापळ्यासाठी तक्रारदारही मिळणार नाही, हे मान्य.) म्हणून अपसंपदेच्या (उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेच्या) चौकशा वाढवा आणि देयक निघण्यापूर्वी त्रयस्थाकडून थर खोदून मोजून घ्या.

एक वकील:
दोघेही खटल्याविषयी बोलत नाहीत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7 खाली 3 ते 7 वर्षांची शिक्षा आहे, पण त्याआधी अभियोग मंजुरी, म्हणजे खटला भरण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी, लागते. 2018 च्या दुरुस्तीने त्यासाठी 3 महिने आणि कायदेशीर सल्ला हवा असल्यास आणखी 1 महिना ठरवला, तसेच खटला शक्यतो 2 वर्षांत संपवावा असेही म्हटले. व्यवहारात साक्षीपर्यंत तक्रारदार थकतो आणि फितूर होतो. अशा वेळीही परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते: नाइलाजाने लाच द्यावी लागली, तर 7 दिवसांत कळवले तरच देणाऱ्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा तक्रार क्रमांक आहे.

पंचवटीकर:
गोदाकाठ, मुदत सुरू होते ती अर्ज स्वीकारल्यावर. खिडकीवरचा कारकून कागद उलटसुलट करून "हे चालणार नाही" म्हणतो आणि पोचच देत नाही. तुमचे घड्याळ सुरूच होत नाही.

गोदाकाठ:
मग 'आपले सरकार' या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. तेथे क्रमांक लगेच मिळतो.

पंचवटीकर:
आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी "त्रुटी" म्हणून अर्ज परत येतो. त्रुटी दूर केली की पुढची काढतात. सगळ्या त्रुटी एकदाच आणि लेखी कळवण्याचे बंधन घाला, नंतर काढलेली प्रत्येक त्रुटी विलंब म्हणून मोजा. तेवढे होत असेल तर तुमच्या दंडाला माझा पाठिंबा आहे.