सायकलच्या पूर्ण सर्व्हिसिंगचं एवढं बिल वाजवी आहे का?

पहाटफेरी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे गेअरची सायकल आहे, पुढे दोन चकत्या आणि मागे नऊ. तीन वर्षांपूर्वी नवी घेतली. कामावर जायला-यायला तीच वापरते, रोजचे १४ किलोमीटर. दुसरं वाहन नाही, मला नकोही आहे. हवा भरणं आणि चेनला तेल घालणं एवढंच आजवर केलं. पंक्चर सोडलं तर तिनं कधी अडवलं नाही, म्हणून दुकानात नेलीच नाही.

गेल्या महिन्यापासून मात्र चढावर उभं राहून जोर लावला की चेन खट्कन सटकते आणि पाय एकदम खाली जातो. परवा मागून गाडी येत असताना असं झालं, तेव्हा खरंच घाबरले. शिवाय पॅडलच्या प्रत्येक फेरीला खालून कट-कट आवाज येतो, आणि मागचं चाक ब्रेकच्या रबराला एका बाजूनं घासतं.

दुकानात दाखवली. त्यांनी संपूर्ण ओव्हरऑइलिंग सांगितलं. वर सामान वेगळं: चेन, मागची कॅसेट (नऊ चकत्यांचा जुडगा), पुढच्या दोन्ही चकत्या, खालचा बीबी (पॅडलच्या दांड्यांमधला, फ्रेममध्ये बसणारा धुरा), सगळ्या केबली, चारही ब्रेक रबरं. एकूण आकडा नव्या सायकलीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा आहे. एकटी मजुरीच चेन आणि कॅसेट दोन्हींच्या किमतीहून जास्त. माणूस बोलायला नीट होता, फसवतोय असं वाटलं नाही. पण एवढी मजुरी कशाची, आणि यातलं काही पुढे ढकलता येईल का, हे मला कळत नाही. सायकल विकायची नाहीये. जाणकारांनी सांगावं.

रोजचा रस्ता

ताई, आधी एक विचारा: चेन मोजली का? गेज लावून मोजली असेल तर आकडा सांगतील. नुसती बघून 'गेली' म्हणाले असतील तर समोर मोजायला लावा. आणि अंदाजपत्रक एका आकड्यात घेऊ नका. मजुरी वेगळी, प्रत्येक वस्तू वेगळी, असं लिहून मागा. चांगला कारागीर त्याला कधी नाही म्हणत नाही.

जुना मिस्त्री

ताई, मी २६ वर्षं सायकली उघडल्या आणि जोडल्या. आता हात थकले म्हणून बंद केलं. मजुरी कशाची, हे मी सांगतो, कारण गिऱ्हाईक दुकानातून निघून गेल्यावर काय होतं ते त्याला कधी दिसतच नाही.

ओव्हरऑइलिंग म्हणजे तेल मारणं नव्हे. सायकल स्टँडवर चढते आणि चाकं, क्रँक (पॅडलचे दांडे), हँडल, केबली सगळं सुटं होतं. पहिला तास धुण्यातच जातो. तीन वर्षांचं तेल आणि धूळ मिळून कॅसेटच्या चकत्यांमध्ये जो काळा लगदा बसतो, तो ब्रशनं एकेका फटीतून काढावा लागतो. तो निघाल्याशिवाय कुठला दात झिजलाय हे दिसत नाही.

मग हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, जो धुऱ्याभोवती फिरतो. तुमच्या सायकलीत वाटी-कोनचे हब असतील, म्हणजे छर्रे हबातली वाटी आणि धुऱ्यावरचा कोन यांच्यामध्ये धावत असतील, तर मागे एका बाजूला नऊ छर्रे, पाव इंची. पुढे बहुतेक दहा, तीन-सोळांशी. जुनं ग्रीस पुसून कोन उजेडात फिरवून बघायचा. छर्रे जिथे धावतात तो पट्टा आरशासारखा हवा. त्यावर सुईनं टोचल्यासारखे खड्डे दिसले की कोन गेला. नवं ग्रीस भरून छर्रे बसवले की खरं काम सुरू होतं. कोन जरा जास्त आवळला तर चाक जड फिरतं आणि छर्रे पट्टा खातात, सैल राहिला तर चाक डगडगतं. त्यातही क्विक रिलीजचं, म्हणजे खटक्यानं आवळायचं चाक असेल तर हातात धरून अगदी बरोबर लावलेला कोन सायकलीत चुकीचा ठरतो, कारण खटका दाबला की धुरा किंचित दबतो. म्हणून हातात असताना केसभर खेळ ठेवायचा. चाक सायकलीला लावून, खटका दाबून, रिम धरून हलवून बघायचं. खेळ उरला तर पुन्हा काढा, पाव फेरीहून कमी फिरवा, पुन्हा लावा. एका चाकाला असं चार-पाच वेळा होतं. अनुभवी माणसाला दोन-तीनदा.

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणं हे असंच दुसरं काम. रिम डावीकडे गेली असेल तर तिथले उजवे आरे अर्धी फेरी आवळायचे, डावे तेवढेच सैल करायचे, आणि हे करताना चाक अंडाकृती होणार नाही हेही बघायचं. घाईनं नुसते आवळत गेलेलं चाक दुकानात सरळ दिसतं आणि महिन्याभरात आरा तुटतो.

सगळं धरून नीट ओव्हरऑइलिंगला माझे चार ते पाच तास जायचे. वरवरची सर्व्हिस, म्हणजे ब्रेक-गेअर जुळवणं, आऊट काढणं, बोल्ट तपासणं, ही तासा-दीड तासाची. मजुरी जास्त आहे की कमी, हे या तासांवरून ठरवा. चेनच्या किमतीशी तुलना करून काही कळणार नाही. तीन वर्षं हब उघडलेच नसतील तर ही मजुरी मी तरी वाजवी म्हणेन.

आता सामान. चेन तुम्ही स्वतः मोजू शकता. स्टीलची पट्टी घ्या, इंचाची. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा आणि चेन ताणून १२ इंचांवर बघा. नव्या चेनची पिन बरोबर १२ वर येते, कारण दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. पिन १२ च्या पुढे एक-सोळांश इंच गेली की नव्या चेनची तयारी करायची. एक-अष्टमांश गेली असेल तर कॅसेटही गेली असं धरून चाला. चेन ताणली जात नाही, आतल्या पिना झिजतात आणि प्रत्येक कडीत थोडी थोडी जागा होते. अशी लांबलेली चेन कॅसेटच्या दातांना आपल्या मापाचं करून टाकते. मग त्या दातांवर नवी चेन बसत नाही, जोर लावला की सटकते. म्हणून दोन्ही एकदम बदलावे लागतात. तुमचं चढावर सटकणं मला याचंच वाटतं, आणि ते लांबवू नका. उभं राहून पाय खाली गेला तर माणूस हँडलवर आपटतो.

पुढच्या चकत्यांबद्दल मात्र मी थांबेन. त्यांना दात जास्त, त्यामुळे झीज वाटली जाते आणि त्या मागच्यांपेक्षा बऱ्याच जास्त चालतात. दात शार्कच्या पाठीवरच्या परासारखे एका बाजूला वाकले असतील तरच बदला. दोन्ही एकदम गेल्या असतील असं नाही. तुम्ही जी जास्त वापरता ती आधी जाते.

आणि बीबी. कट-कट आली की सगळे बीबीवर येतात, पण तो आवाज पॅडलच्या आट्यांतून, सीटच्या दांड्यातून, चकत्यांच्या बोल्टमधून, कुठूनही येतो. फ्रेम पोकळ नळ्यांची, आवाज एकीकडे होतो आणि ऐकू येतो भलतीकडे. आधी पॅडल काढून आटे पुसा, ग्रीस लावा, घट्ट बसवा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते सोडवताना पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचा. हे विसरून जोर लावलेले कितीतरी क्रँक माझ्याकडे आलेत. एवढं करूनही आवाज राहिला तर चेन उतरवून क्रँक दोन्ही हातांनी आडवा हलवा. खेळ जाणवला किंवा फिरवताना वाळू दळल्यासारखं लागलं तर बीबी बदला.

केबली आणि ब्रेक रबरं यांवर वाद घालू नका. स्वस्त आहेत, आणि थांबणं त्यांच्यावर आहे.

अर्धा इंच

काकांनी छान सांगितलं. मी थोडं वेगळं म्हणेन: चेन, कॅसेट, केबली आणि रबरं घरी होतात. चेन तोडायचं हत्यार, कॅसेटचा पाना, चेनचा चाबूक (कॅसेट फिरू नये म्हणून धरायचं हत्यार) आणि अॅलन चाव्यांचा संच एवढं लागतं. पहिल्या वेळी हत्यारांचा खर्च मजुरीएवढाच येईल, दुसऱ्या वेळेपासून वाचेल.

पण कुठे थांबायचं हेही सांगतो, कारण मी चुकलोय. माझ्या सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक होते. लिव्हर मऊ लागत होता म्हणून मी घरी होतं ते डॉट फ्लुइड (ब्रेकचं दुसऱ्या प्रकारचं तेल) भरलं. ब्रेक मिनरल ऑइलचे होते. आतली रबरी सीलं फुगली, लिव्हर दाबला की परत येईना. दोन्ही ब्रेक पूर्ण नवे घ्यावे लागले. ब्रेकच्या लिव्हरवर कोणतं तेल ते लिहिलेलं असतं, मी वाचलंच नव्हतं. एका चाकाचा आऊट काढायलाही गेलो होतो आणि ते आणखी वाकडं करून आणलं. तेव्हापासून चाकं आणि ब्रेकचं तेल दुकानात, बाकीचं घरी.

जुना मिस्त्री

बरोबर आहे. फक्त ताईंची सायकल आत्ता सटकतेय, शिकायचं काम पुढच्या चेनला करावं. ही वेळ दुकानाची.

पहाटफेरी

काका, दादा, मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

स्टीलची पट्टी आणून चेन मोजली. पिन १२ इंचांच्या पुढे तीन-सोळांश गेली होती. दोनदा मोजलं. मग पॅडल काढली. डावं उलट्या दिशेनं सुटतं हे वाचलेलं असूनही हात आपोआप नेहमीच्या दिशेला गेला, थांबून पुन्हा वाचलं आणि मग सुटलं. दोन्हींचे आटे कोरडे आणि तांबूस होते. पुसून ग्रीस लावून बसवली आणि कट-कट पूर्ण थांबली. क्रँकही हलवून बघितला, खेळ नाही.

मग दुकानात जाऊन यादी समोर ठेवली. कुणीही वाईट वाटून घेतलं नाही. बीबी कमी केला. पुढच्या चकत्या धुऊन एकत्र बघितल्या: लहान चकतीचे दात वाकले होते, मोठीचे शाबूत होते, त्यामुळे एकच बदलली. मी विनंती केली म्हणून मागचा हब उघडताना थांबू दिलं. उजव्या कोनावर काकांनी सांगितलेले ते टोचे खरंच होते, नखाला लागत होते. तो कोन आणि छर्रे नवे घातले. बिल पहिल्या आकड्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास आलं. मजुरीत मी एक पैसाही कमी करायला सांगितला नाही. चाक बसवून-काढून, बसवून-काढून तो मुलगा जे करत होता ते बघितल्यावर सांगवलं नसतं.

आज चढावर उभी राहिले. मुद्दाम, मागे कुणी नाही बघून. काही सटकलं नाही.

जुना मिस्त्री

छान झालं. नव्या केबली सुरुवातीला बसतात, म्हणजे आवरणाची टोकं दबून थोडी ढील येते. दोनेकशे किलोमीटरनंतर गेअर चुकायला लागले तर घाबरू नका, मागच्या डिरेलरजवळची (गेअर बदलताना चेन सरकवणारा भाग) गोल फिरकी अर्धी फेरी बाहेर काढा. किंवा दुकानात न्या, पाच मिनिटांचं काम आहे, बहुतेक दुकानं त्याचे पैसे घेत नाहीत. आणि पट्टी हाताशी ठेवा, महिन्यातून एकदा मोजा.

पहाटफेरी

पट्टी सायकलच्या शेजारीच खिळ्याला टांगली आहे. जुनी चेनही मी मागून घेतली. नवी बसवण्याआधी त्या मुलानं तेवढ्याच कड्यांची करून दोन्ही शेजारी-शेजारी लटकवून दाखवल्या होत्या. वरची टोकं एका खिळ्याला, आणि खाली जुनी चेन माझ्या दोन बोटांच्या रुंदीएवढी लांब.