दुधाच्या पिशव्या, लोणच्याच्या बाटल्या, तांदळाच्या गोणी... यांचं करायचं काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात फोंड्याजवळ राहतो, घरात सासूबाई, आम्ही दोघं नि पोरं, आणि सासूबाईंच्या राज्यात एक डबा की एक पिशवी घराबाहेर जाईल तर शपथ. "लागतं गो कधीतरी" हे ठरलेलं उत्तर. खरं सांगायचं तर मलाही टाकायला जिवावर येतं, पण आता पाऊस तोंडावर आलाय, पुरुमेंताचं (म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं) सामान भरायचंय, आणि कोठीत सोलं-सुक्या मिरच्या ठेवायला जागाच नाही कारण सगळीकडे रिकामे डबे. म्हणून विचारते, खरोखर वापरात येईल असंच सांगा, बाटलीला रंग लावून फुलदाणी वगैरे नको प्लीज, त्या तीन आधीच आहेत.

काचेच्या बाटल्यांना लोणच्याचा वास राहतो, तो कसा काढायचा? लेबलाचा गोंद तर नखांनी खरवडून पण जात नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवते, ढीग झालाय. उकड्या तांदळाच्या पंचवीस किलोच्या गोणी आहेत, त्यांत आलं लावलं तर येतं का? आणि पोरांच्या चिप्सची चकचकीत पाकिटं, त्यांचं काय?

— फोंडेकरीण

परसबागवाला: आलं मस्त येतं, पण गोण दुमडून अर्ध्या उंचीची करा, खाली भोकं पाडा नि माडाखाली किंवा सावलीत ठेवा. गच्चीवर उन्हात ठेवली की वर्षभरात ती प्लास्टिकची वीण ठिसूळ होते, हात लावला की धागे सुटतात आणि मग ते मातीत मिसळतात, निवडत बसा! आमच्या शेजाऱ्याच्या वाफ्यात अजून निळे धागे निघतात.

दुधाच्या पिशवीत मिरची-वांग्याची रोपं करा. वरचं तोंड पूर्ण कापून खालच्या दोन्ही कोपऱ्यांना भोकं, बास. भोकं नसली तर आपल्या पावसात मुळं कुजणारच. आणि रोज पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटा करू नका, लटकता ठेवा, नाहीतर तो चिमुकला तुकडा कोणी वेचत नाही, थेट गटारात जातो. उरलेल्या पिशव्या स्वच्छ नि कोरड्या असल्या तर भंगारवाल्याला विचारा, बरेचजण घेतात.

डिचोलीची माई: अगो, वास काचेत नसतो, झाकणात असतो! झाकणाच्या आतल्या रबरी चकतीत तेल मुरतं. झाकण वेगळं काढ, बेसन चोळून धू आणि कडक उन्हात उलटं ठेव, पाऊस सुरू व्हायच्या आधीच कर हे. तरी वास गेला नाही तर त्या बाटलीत मसालाच भर, साखर नको. गोंदावर खोबरेल तेल आणि खायचा सोडा कालवून लाव, अर्ध्या तासाने जुन्या घासणीने पुस, निघतो. प्लास्टिकच्या बरणीचा वास मात्र जात नाही, तिच्यात खिळे-स्क्रू ठेव.

आणि पुठ्ठ्याचे खोके पावसाळ्यात साठवू नकोस गो. ओल धरतात नि त्या नागमोडी थरांत झुरळं घर करतात. चवथीला मखरासाठी लागतील म्हणून दरवर्षी ठेवतो आपण, आणि दरवर्षी भुरी आलेली असते.

म्हापसेकर: चिप्सच्या पाकिटांचं घरात काही करू नका, उगाच डोकं लावू नका. त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. कोरड्या कचऱ्यात द्या, असला माल कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे भट्टीत जाळायला जातो. अंगणात पानांबरोबर पेटवू नका म्हणजे झालं. पोरांना चिप्स कमी द्या हे मी सांगायला नको :)

आणखी एक, बाहेर ठेवलेले डबे उलटे ठेवा. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास साधारण आठवड्याभरात तयार होतो, बाटलीच्या झाकणाएवढं पाणीसुद्धा पुरतं.

फोंडेकरीण: माई, झाकणाचं डोक्यातच आलं नव्हतं, मी काच घासत बसले! म्हापसेकर, चिप्सचं उत्तर आवडलं नाही पण पटलं. गोणींचं उद्याच करते, सासूबाईंना आल्याचं नाव काढल्यावर त्या स्वतःच चार गोणी घेऊन बाहेर आल्या, नाहीतर गोणींना हात लावू देत नाहीत. आता एकच राहिलं, आईस्क्रीमच्या डब्यात किसलेलं खोबरं फ्रीजरमध्ये ठेवलं तर चालतं ना?

डिचोलीची माई: चालतं की. फक्त गरम डाळ-आमटी ओतू नकोस त्यात, आणि झाकणावर चिठ्ठी चिकटव, नाहीतर पोरं आईस्क्रीम समजून उघडतात नि झाकण तसंच उघडं टाकतात.