आयोवातलं वॉशिंग्टनचं थिएटर खरंच जगातलं सगळ्यात जुनं आहे का?

कणीसवाली:
मंडळी, आम्ही सीडर रॅपिड्सला राहतो, इथून तासाभरावर वॉशिंग्टन नावाचं गाव आहे (राजधानीवालं नाही हो, आयोवातलंच, वस्ती सात हजाराच्या आसपास), तिथं स्टेट थिएटर आहे आणि गिनेसमध्ये त्याची नोंद आहे म्हणे, जगातलं सगळ्यात जुनं अजून चालू असलेलं सिनेमागृह. पॅरिस, लंडन, आपली मुंबई सोडून हा मान या मक्याच्या शेतातल्या गावाला कसा काय? नवरा म्हणतो सगळं मार्केटिंग. कुणाला माहितीय का नीट?

रीळवेडा:
मार्केटिंग नाहीये. इमारत 1893 ची, तेव्हा ग्रॅहम ऑपेरा हाऊस, म्हणजे नाटकं, गाणी वगैरे. 14 मे 1897 ला फ्रँक ब्रिंटन नावाच्या माणसाने तिथं पहिल्यांदा सिनेमा दाखवला. हा बाबा बायकोला घेऊन गावोगाव खेळ करत फिरायचा, आपल्या तंबूवाल्या टुरिंग टॉकीजसारखंच, शिवाय उडणारं यंत्र बनवायचाही नाद होता 😄 पण खरी मजा पुढे आहे, त्याच्या फिल्म्स, स्लाइड्स, कागदपत्रं सगळं एका घराच्या तळघरात पडून होतं ते 1981 मध्ये मायकेल झाह्स या इतिहासाच्या मास्तरांच्या हाती लागलं आणि त्यांनी वर्षानुवर्षं घरी सांभाळलं, आणि त्यात निघाल्या मेलिएसच्या (सुरुवातीच्या काळातला फ्रेंच जादूगार-दिग्दर्शक) हरवल्या म्हणून सोडून दिलेल्या फिल्म्स! तेव्हाच्या फिल्मा नायट्रेट नावाच्या ज्वालाग्राही पदार्थाच्या, भसकन पेटतात, इतकी वर्षं टिकल्या हेच नवल. आता संग्रह आयोवा युनिव्हर्सिटीकडे आहे. 2017 ची 'सेव्हिंग ब्रिंटन' डॉक्युमेंटरी बघाच.

फोर्टकर:
पहिला मान मुंबईचाच!! 7 जुलै 1896, वॉटसन हॉटेल, ल्युमिएर या फ्रेंच सिनेमावाल्या भावांचा खेळ, तिकीट 1 रुपया. वॉशिंग्टनच्या दहा महिने आधी.

रीळवेडा:
@फोर्टकर हो पण ते हॉटेल होतं ना, थिएटर कुठं. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलवले, तिथं पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स पण ठेवले होते. आणि आता वॉटसनची अवस्था काय आहे ते काळा घोड्याला जाऊन बघा, 2019 ला इमारत रिकामी करावी लागली. सावेदादांनी (म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकर, आपल्याकडचे पहिलेवहिले चित्रपटकार) ल्युमिएरचा खेळ बघून कॅमेरा मागवला, हे मात्र आपलं खरं भाग्य.

मार्सेलची_माई:
फ्रान्समधल्या ला सिओता गावचं एडन थिएटर विसरलात की! ते पण सगळ्यात जुनं म्हणवून घेतं. हॉल 1889 चा, म्हणजे तुमच्या ऑपेरा हाऊसपेक्षा जुना, पण तिथं ल्युमिएरचा तिकीट लावून खेळ झाला मार्च 1899 ला, आणि मधे 1995 ला बंद पडलं ते थेट 2013 ला उघडलं. वॉशिंग्टनवाले 'अखंड चालू' म्हणतात त्यामुळे एडन मागे पडतं.

कणीसवाली:
वा, धन्यवाद सगळ्यांना! नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणतो, 1897 ला एकदा दाखवला, मग काय रोज लावत होते का?

रीळवेडा:
नाही, रोज कुठलं, तेव्हा ते ऑपेरा हाऊसच होतं, नाटक-गाण्यांच्या मधे मधे सिनेमा. वयाची मोजणी मात्र त्या पहिल्या खेळापासून. त्यांच्या शंकेत दम आहे, पण तरी एकदा घेऊन जा त्यांना, तिकीट त्यांनाच काढायला लावा.