राजा-गुलाम घेऊन स्मॉल ब्लाइंडमधून कॉल: चूक की नशीब?

दश्शीधरा
परवा पणजीला मांडवीवरच्या बोटीत पोकर टूर्नामेंट खेळलो आणि बक्षिसाच्या उंबरठ्यावरून परत आलो. ४१ जण उरले होते, पैसे ३६ जणांना. ब्लाइंड (स्मॉल आणि बिग, पानं बघण्याआधीच दोघांनी भरायच्या सक्तीच्या रकमा) १,०००–२,०००, शिवाय बिग ब्लाइंडवाल्यानं भरायची अँटी (आणखी एक सक्तीची रक्कम) २,०००. माझ्याकडे ७०,०००, म्हणजे ३५ बिग ब्लाइंड. बटणाच्या (पानं वाटणाऱ्याच्या जागेच्या) उजव्या हाताला बसलेल्यानं रेझ करून (बोली वाढवून) ४,५०० केले. मी स्मॉल ब्लाइंडमध्ये, हातात इस्पिक राजा आणि बदाम गुलाम. आणखी ३,५०० टाकून कॉल केला. बिग ब्लाइंडनं पानं टाकली.

फ्लॉप (टेबलावर उघडलेली पहिली तीन पानं) चौकट राजा, किलवर अठ्ठी, इस्पिक चव्वी. मी चेक (पैसे न टाकता पाळी पुढे), त्याचे ४,०००, मी कॉल. टर्नला (चौथं पान) बदाम तिर्री. मी चेक, त्याचे १२,०००, मी कॉल. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) किलवर दुर्री. मी चेक, तो ऑल-इन (सगळे चिप्स पुढे). माझ्याकडे ४९,५०० उरले होते. दोन मिनिटं चिप्सची चवड वर-खाली करत बसलो आणि कॉल म्हणालो. त्याच्याकडे एक्का-राजा.

किनाऱ्याकडे येणाऱ्या फेरीबोटीत बसून एकच विचार केला. माझं मत आता पक्कं आहे: हात मधला आणि आधी बोलायची पाळी आपली, असं असेल तर पानं गुपचूप टाकावीत. सत्ती-दुर्री बुडवत नाही, ती कोणी खेळतच नाही. बुडवतात ते हे 'बरे दिसणारे' हात. पटत नसेल तर बोला.

बटणबहाद्दर
नाही पटत. १३,००० च्या पॉटसाठी (मध्ये जमलेल्या चिप्ससाठी) तुम्ही ३,५०० टाकलेत. म्हणजे २७ टक्के वेळा जिंकलात तरी भागलं. त्या जागेवरून लोक काय काय घेऊन रेझ करतात हे तुम्हाला माहीत आहे: एक्का-पंजी, राणी-दश्शी, छोट्या जोड्या. राजा-गुलाम त्यांच्यासमोर २७ टक्क्यांहून कितीतरी वर आहे. समोर एक्का-राजा निघाला म्हणून धागा निघाला. राजा-दश्शी निघाली असती तर याच हाताचं कौतुक ऐकवलं असतंत.

शिवाय टाकत बसायचं म्हणजे फुकट नाही. नऊ जणांच्या टेबलावर एका फेऱ्याला तुमचे ५,००० जातात. ७०,००० म्हणजे १४ फेरे, तेही ब्लाइंड वाढले नाहीत तर. आणि ते वाढतात. चांगल्या हाताची वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या सगळ्यात आधी रिकाम्या होतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आजोळचामेंढीकोट
बटणबहाद्दर, तुमचे २७ टक्के हे पाचही पानं आपोआप उघडणार असतील तेव्हाचे. मध्ये तीनदा बोलावं लागतं, त्याचं काय?

आमच्या आजोळी मेंढीकोट खेळताना आजी नेहमी शेवटी बसायला धडपडायची. शेवटचा माणूस तिघांची पानं बघून आपलं टाकतो, त्यामुळे दश्शी कुठे सोडायची आणि कुठे वाचवायची ते त्याला कळतं. उतारी करणाऱ्याला आंधळेपणानं टाकावं लागतं. पोकरमध्ये तेच, फक्त इथे प्रत्येक पानाला पैसे लागतात.

दश्शीधरांचा टर्न बघा. पॉट २१,०००. त्यांच्याकडे राजाची जोडी, साथीला गुलाम: छोट्या पॉटचा हात. ते शेवटी बोलणारे असते तर समोरच्याच्या चेकवर स्वतःही चेक करून रिव्हरला एकच बेट मोजली असती. इथे पॉट किती फुगवायचा हे तिन्ही वेळा दुसऱ्यानं ठरवलं. त्यांनी फक्त 'चेक, कॉल, चेक, कॉल' केलं आणि समोर काय आहे याची माहिती शून्य मिळाली.

बटणबहाद्दर
मग चूक रिव्हरची म्हणा ना! ४५,००० च्या पॉटवर ४९,५०० चा ऑल-इन, तोही बक्षिसाच्या तोंडाशी. तिथे साध्या गणितानंसुद्धा ३४ टक्के लागतात. बक्षीस इतकं जवळ असताना त्याहून जास्तच, कारण गेलेल्या चिपची किंमत आलेल्या चिपपेक्षा मोठी असते. जिंकणाऱ्याकडे टेबलावरचे सगळे चिप्स जातात, सगळं बक्षीस नाही जात. रिव्हरला टाकायचं होतं. त्याचं खापर बिचाऱ्या प्रीफ्लॉप (फ्लॉपच्या आधीच्या) कॉलवर कशाला?

आजोळचामेंढीकोट
कारण त्या कॉलनंच माणूस रिव्हरपर्यंत पोचला.

पाणीपुरी
अमेरिकन पोकरपटू डॉयल ब्रन्सन दश्शी-दुर्रीवर १९७६ आणि १९७७ अशी दोन्ही वर्षं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मेन इव्हेंट जिंकला. तुम्ही राजा-गुलामाला घाबरताय 😄

अठ्ठेचाळीसपानं
पाणीपुरी, दोन्ही वेळा शेवटचा हात होता तो, समोर एकच माणूस उरलेला. नऊ जणांच्या टेबलावर तो हात घेऊन कोणी बसलं असतं का ते सांगा.

मूळ वादाबद्दल: दोन्ही बाजू 'आउट ऑफ पोझिशन' (समोरच्याच्या आधी बोलावं लागणं) हा एकच डबा समजून भांडताय. स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हाच हात, हाच ४,५०० चा रेझ, पण तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये असता आणि स्मॉल ब्लाइंडनं टाकलं असतं, तर? २,५०० टाकून १२,००० चा पॉट, म्हणजे २१ टक्के पुरतात. वर तुमच्यामागे कोणी बोलायचं उरत नाही. तिथे राजा-गुलाम टाकणं हा वेडेपणा ठरेल, मी तर सूटेड (एकाच चिन्हाची) सत्ती-छक्कीसुद्धा खेळतो.

स्मॉल ब्लाइंडमध्ये भाव महाग, मागे अजून एक जण बोलायचा बाकी आणि पूर्ण हातभर आधी बोलायचं. तिन्ही तोटे एकदम. दोन वेगळ्या पानांना फ्लॉपवर निदान एक जोडी लागायची शक्यता सुमारे ३२ टक्के, म्हणजे तीनातल्या दोन फ्लॉपवर तुम्ही चेक करून टाकणार. उरलेल्या एकात राजा लागला की समोरचा पैसे कधी घालणार? एक्का-राजा किंवा राजा-राणी असेल तेव्हा. एक्का-राजासमोर राजा-गुलाम फ्लॉपच्या आधीसुद्धा चारात जेमतेम एकदा वाचतो.

सव्वादोनचीलोकल
मी तिसऱ्याच बाजूला. कॉल नको आणि टाकणंही नको. थ्री-बेट (रेझवर पुन्हा रेझ) करा, १३,५०० च्या आसपास. बक्षिसाच्या तोंडाशी मधले स्टॅकवाले (जवळ मध्यम चिप्स असलेले) राणी-दश्शी, एक्का-सत्ती सोडून देतात आणि फ्लॉप न बघता ८,५०० ची कमाई होते. त्यानं ऑल-इन केलं तर पानं टाका. गेले असते १३,५००, सत्तर हजार नव्हे.

अठ्ठेचाळीसपानं
हे पटतं, पण समोरच्याचा स्टॅक किती होता त्यावर आहे. दश्शीधरा, सांगा.

दश्शीधरा
त्याच्याकडे दीड लाखाच्या वर. टेबलावर सगळ्यात मोठा तोच होता.

अठ्ठेचाळीसपानं
मग सव्वादोनचीलोकल यांचा थ्री-बेट इथे लंगडा पडतो. तो तुम्हाला बाहेर काढू शकतो, तुम्ही त्याला नाही. बक्षीस जवळ असताना दबाव टाकायची चैन त्याला परवडते. असाच हात एखाद्या ४०,००० वाल्यानं रेझ केला असता तर वेगळं बोललो असतो.

सव्वादोनचीलोकल
मान्य. स्टॅक आधी लिहायला हवा होता, दश्शीधरा. प्रश्न विचारताना लोक स्वतःचाच स्टॅक सांगतात.

बटणबहाद्दर
तुम्ही सगळे मिळून स्मॉल ब्लाइंडमध्ये फक्त एक्के आणि राजे घेऊन खेळणार असाल, तर मला पत्ता पाठवा. मी तुमच्या उजवीकडे बसून रोज रेझ करीन.

थोडं गंभीर बोलतो. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं ऑनलाइन पैशांचे खेळ बंद झाल्यापासून आपल्यातले बरेच जण महिन्याकाठी एखादी लाइव्ह टूर्नामेंट खेळतात. तासाला जेमतेम २५-३० हात. गाडीभाडं, हॉटेल, एन्ट्री एवढं घालून आल्यावर दोन तास नुसतं टाकत बसवत नाही, आणि मग राजा-गुलाम म्हणजे देवाचा प्रसाद वाटतो. तुमच्या कॉलमागे गणित होतं की कंटाळा, हे तुम्हालाच ठाऊक.

दश्शीधरा
कंटाळा. खरं सांगतो, त्याआधीचा तासभर मी एकही पॉट खेळलो नव्हतो. गुलामाच्या टोपीचा कोपरा दिसला तेव्हाच ठरलं होतं, रेझ कोणी केलाय ते नंतर बघितलं.

बिग ब्लाइंडबद्दलचं म्हणणं मागे घेतो, तिथला भाव वेगळा आहे हे पटलं. स्मॉल ब्लाइंडमधून मोठ्या स्टॅकसमोर मात्र मी टाकणार. पुढच्या महिन्यात परत जातोय.

बटणबहाद्दर
आणि तासभर काहीच आलं नाही तर?

दश्शीधरा
तर ब्रेकमध्ये डेकवर जाऊन उभा राहीन. चहा बरा असतो तिथला.