माळ, माळरान, पठार, ओसाड : कोणता शब्द कुठे?

प्रश्न : सांगोल्याकडच्या एका गावाचं वर्णन लिहिते आहे. सपाट, कोरडा मुलूख, नजर जाईल तिथवर मोठं झाड नाही. पहिल्या खर्ड्यात 'ओसाड, वाळवंटी पठार' असं लिहिलं होतं. मैत्रिणीने वाचलं आणि तिन्ही शब्दांवर काट मारली. ती म्हणते, 'सरळ माळ म्हण की!' माळ आणि माळरान एकच का? आणि पठाराने काय बिघडतं?

उत्तर : मैत्रिणीचं ऐका. तिन्ही शब्द मराठीच आहेत, पण त्या मुलखाचे नाहीत.

पठार म्हणजे उंचावरची सपाटी. भूगोलाच्या पुस्तकात अख्खा दख्खन पठार आहे आणि ते बरोबरच आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे. पण तिथे राहणारा माणूस 'मी पठारावर राहतो' असं म्हणत नाही. तो 'देशावर' राहतो. रोजच्या बोलण्यात पठार म्हटलं की चढून जायची जागा डोळ्यांपुढे येते, उदाहरणार्थ कासचं पठार. तिथे पाऊस धो धो पडतो, म्हणजे कोरडेपणाही या शब्दात नाही. कोकणात जांभ्या दगडाच्या अशा सपाटीला सडा म्हणतात.

वाळवंटाला वाळू हवी. तुमच्या गावाजवळची माणसं तर हा शब्द वेगळ्याच जागेसाठी रोज वापरतात : पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट. नदीच्या पात्रातली वाळूची मोकळी जागा, जिथे वारकरी कीर्तनाला बसतात. राजस्थानातल्या थरला वाळवंट म्हणायची सवय शाळेने लावली. तिकडचा वाचक 'गावाबाहेर वाळवंट पसरलं होतं' असं वाचेल तेव्हा आधी नदी शोधेल.

ओसाड हा शब्द मला सगळ्यांत जास्त खटकतो. गाव ओस पडतं, वाडा ओस पडतो. आधी माणसं होती, आता नाहीत, हा या शब्दाचा गाभा. 'ओसाड गावी एरंड बळी' या म्हणीतही ओसाड आहे ते गाव. माळ कुणी सोडून गेलेला नसतो. तो मुळातच उघडा असतो आणि तिथे वर्दळही असते, फक्त ती मेंढरांची आणि पाखरांची.

आता माळ. गावाभोवतीची किंचित उंच, उताराची किंवा सपाट, मुरमाड, उथळ मातीची, गवताची आणि तुरळक झुडपांची उघडी जमीन म्हणजे माळ. पावसाळ्यात वरची माती धुपून ओढ्याकडे जाते, तिथे काळी साठते आणि शेती होते. वर उरतो मुरूम. मुठीत घेतला तर तपकिरी, भुसभुशीत खडे. दाबले की काही फुटतात, काहींच्या आत अजून कठीण काळा दगड लागतो. हा बेसाल्टच आहे, झिजायला लागलेला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले, म्हणून हा सगळा मुलूख असा आडवा दिसतो. आणि कोरडा का, तर सह्याद्री आड येतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. पूर्वेला माण-सांगोल्याच्या पट्ट्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास.

माळ आणि माळरान यांत काटेकोर भिंत नाही. तरी वापर बघा. 'माळावरचं देऊळ', 'माळावर मेंढरं गेलीत' यात माळ ही नेमकी, नावाची जागा असते, आमचा माळ, तुमचा माळ. माळरान म्हटलं की विस्तार येतो, मैलोन्‌मैल पसरलेला. गावातला माणूस बोलताना बहुधा माळ म्हणेल, लिहिणारा माणूस माळरान. तुमच्या पात्राच्या तोंडी माळ घाला, निवेदनात दोन्ही चालतील.

प्रश्न : माळ आणि मळा यांचा काही संबंध? आमच्याकडे 'मळ्यात राहायला गेले' म्हणतात.

उत्तर : अर्थाने दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत. मळा म्हणजे विहिरीचं, पाटाचं पाणी असलेली बागायत. माळवं, म्हणजे भाजीपाला, मळ्यात पिकतो, माळावर नाही. रूपं सांभाळा : माळ पुल्लिंगी, 'माळावर', मळा, 'मळ्यात', घरातला माळा, 'माळ्यावर', गळ्यातली माळ स्त्रीलिंगी, 'माळेत'. एका काना-मात्रेने कोरडवाहूचं बागायत होतं, तेव्हा मुद्रितशोधन करताना इथे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. आणि गावाचं नाव माळवाडी असलं की ते माळावरूनच आलं असं समजू नका, माळी समाजाच्या वस्तीवरूनही आलेलं असू शकतं.

भर : 'बरड' राहिला की. बरड म्हणजे खडे-मुरमाची, हलकी, पीक न धरणारी जमीन. माळ हा भूभाग, बरड ही मातीची जात. 'माळाचं रान बरड आहे' असं एका वाक्यात दोन्ही येतात. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा फलटणनंतरचा मुक्काम ज्या गावी असतो त्याचं नावही बरड.

उत्तर : छान आठवण. आणि या वाक्यातलं 'रान' बघा. सोलापूर-सांगलीकडे 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय, जंगलात नव्हे. नगरकडे आणि विदर्भात त्यालाच वावर म्हणतील.

शंका : सातबाऱ्यावर असल्या जमिनीला पोटखराबा किंवा पडीक लिहिलेलं असतं. मग 'पडीक माळ' म्हणायला हरकत नसावी?

उत्तर : कागदावर असेल, वर्णनात नको. पोटखराबा म्हणजे गटातला लागवडीला न येणारा भाग, आणि पडीक म्हणजे पेरलेली नसलेली जमीन. दोन्ही शब्द नांगराच्या बाजूने बोलतात. गायरान हा शब्द निदान वापर तरी सांगतो : गावाच्या गुरांना चरायला राखलेली सामाईक जमीन. कुरणही तसंच, तिथे गवत राखलेलं असतं.

पडीक म्हटलं की पुढचा विचार ठरलेला : पडून आहे, तर काहीतरी करू. मग चर खणा, झाडं लावा. गवताळ माळावर दाट झाडी लावली की गवत सावलीत मरतं आणि गवतावर जगणारे जीव निघून जातात. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं. हा पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, आणि दूरवर दिसेल असा मोकळा माळ त्याला लागतो. माळटिटवी खड्यांमध्येच अंडी घालते. अंड्यांचा रंग खड्यांत इतका मिसळतो की पाऊल टाकण्याआधी दिसत नाहीत. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल, धाविक हे सगळे याच मोकळ्या जमिनीचे रहिवासी आहेत. दोन पक्ष्यांच्या नावातच माळ आहे, त्या जमिनीला आपण पडीक कसं म्हणायचं?

मूळ प्रश्नकर्ती : पटलं. आता माझं वाक्य असं झालंय : 'म्हातारा माळ ओलांडून गेला.' दोनच गोष्टी राहिल्या. माळ पावसाळ्यात हिरवा होतो, तेव्हाही माळच? आणि सगळं 'सपाट' म्हणावं का?

उत्तर : माळच. श्रावणात हिरवा माळ, दिवाळीनंतर पिवळा माळ, उन्हाळ्यात बोडका माळ, तिन्ही विशेषणं बिनधास्त वापरा. पिवळ्या माळात पात्राला चालवणार असाल तर कुसळं विसरू नका. 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ' आपण म्हणतो ते हेच. बीचं टोक सुईसारखं, मागे पिळलेला लांब केस. ओल लागली की पीळ सुटतो, वाळला की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्याने बी मातीत शिरतं. माती नाही मिळाली तर धोतरात, लोकरीत आणि कातडीत.

'सपाट' मात्र जपून. माळ लांबून सपाट दिसतो, चालायला लागलं की टेकाडं लागतात, ओघळी लागतात, मध्येच एखादं लवण येतं. लवण म्हणजे दोन चढांमधला खोलगट भाग. तिथे माती साठते, ओल टिकते, आणि बाभळी, हिवर, बोरी जरा दाट होतात. मेंढपाळ दुपारी कळप तिथेच बसवतो. तुमच्या वाक्यात म्हातारा 'माळ ओलांडून गेला' एवढंच आहे. तो लवणात उतरला की काही वेळ गावातून दिसेनासा होईल, हे लक्षात ठेवून पुढचा प्रसंग लिहा.