मदत हवी आहे: जुनी डीव्हीडी लिनक्सवर ३.१ जीबीनंतर वाचली जात नाही

प्रश्न:
डेबियन १२, साटा केबलने जोडलेला डीव्हीडी रायटर. डिस्क २००९ सालची डीव्हीडी-आर, आत ४.२ जीबी फोटो. माउंट होते, फोल्डर सगळे दिसतात, पण कॉपी करताना ३.१ जीबीच्या आसपास ड्राइव्ह घरघरतो आणि इनपुट/आउटपुट एरर येते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांच्या नोंदीत) 'मीडियम एरर', खाली 'अनरिकव्हर्ड रीड एरर', सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा) ६१४४५१२. ड्राइव्ह बदलू की डिस्कच गेली? फोटोंची दुसरी प्रत नाही.

प्रतिसाद १:
दुसरी प्रत नाही ना, मग कॉपीचे प्रयत्न आधी थांबवा. तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून हाती काही लागत नाही, नुसता वेळ जातो.

कर्नल सेक्टर ५१२ बाइटचा धरतो, डीव्हीडीचा असतो २०४८ चा. म्हणून ४ ने भागा: १५३६१२८. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे ही जागा केंद्रापासून साधारण ५ सेंमीवर येते. डिस्क उजेडात तिरकी धरून तिथे ओरखडा, बोटाचा ठसा किंवा रंग उतरल्याचा डाग दिसतो का ते बघा. ठसा असेल तर मऊ, ओलसर सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसू नका. गोलाकार ओरखडा डेटाच्या रेषेलाच समांतर जातो आणि सलग बराच भाग मारतो, आडवा ओरखडा एरर करेक्शन (चुका आपोआप दुरुस्त करण्याची सोय) बहुधा निभावून नेतं.

मळलेली लेन्सही हीच एरर देते. त्यामुळे आणखी दोन-तीन डिस्क शेवटपर्यंत वाचून बघा. त्याही अडखळल्या तर दोष ड्राइव्हचा.

प्रतिसाद २:
केबल किंवा पोर्टचा दोष असता तर डीमेसेजमध्ये एटीए लिंक (ड्राइव्हची जोडणी) रीसेट झाल्याच्या ओळी असत्या. त्या नसतील तर केबल सोडून द्या.

आता डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कवरून वाचता येईल तेवढं काढून एका फाइलमध्ये (इमेजमध्ये) उतरवणारं साधन. डेबियनमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, नुसतं डीडीरेस्क्यू शोधत बसू नका. डिस्क अनमाउंट करा, हार्डडिस्कवर ५ जीबी जागा ठेवा. पहिली फेरी ब्लॉक साइज २०४८ देऊन आणि 'नो-स्क्रेप' लावून चालवा: चांगला भाग भराभर येतो, वाईट मागे राहतो. मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) द्यायला अजिबात विसरू नका. दुसरी फेरी त्याच इमेजवर, त्याच मॅपफाइलने, 'आयडायरेक्ट' (कर्नलची कॅश टाळून थेट वाचन) लावून आणि रीट्राय ३ देऊन. त्याआधी इजेक्ट कमांडच्या स्पीड पर्यायाने वेग ४ वर आणा. संथ फिरताना पुष्कळ सेक्टर निघतात.

तरी उरलं तर तीच डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅपफाइल वापरा. एकाला न जमलेले सेक्टर दुसरा वाचतो आणि इमेज पूर्ण होत जाते. हा उपाय सगळ्यात हुकमी.

प्रश्नकर्ता:
डिस्क पुसली, दोन्ही फेऱ्या झाल्या. बाकीच्या डिस्क नीट वाचल्या. आता ९६ केबी उरलंय. कोणते फोटो खराब आहेत ते कसं कळेल?

प्रतिसाद २:
९६ केबी म्हणजे बरोबर तीन ईसीसी (एरर करेक्शन) ब्लॉक. डीव्हीडीत १६ सेक्टरचा, ३२ केबीचा ब्लॉक एकत्रच दुरुस्त होतो किंवा एकत्रच जातो.

इमेजची प्रत काढा. छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये 'खराबसेक्टर' असा एखादा शब्द लिहून ती डीडीरेस्क्यूला इनपुट द्या, आउटपुट प्रतीची इमेज, सोबत तीच मॅपफाइल आणि फिल-मोडला वजा चिन्ह. न वाचलेल्या जागी तो शब्द भरला जातो. मग प्रत लूप माउंट करून (फाइल डिस्कसारखी उघडून) ग्रेप या शोधाच्या कमांडने तो शब्द शोधा: ज्या फाइलींत सापडेल तेवढेच फोटो बिघडलेले. मूळ इमेजला हात लावू नका, दुसरा ड्राइव्ह मिळाला की तीच लागेल.

प्रतिसाद १:
सीडी-आर वाचवणाऱ्यांसाठी: एरर अगदी शेवटच्या दोन सेक्टरवर आली तर घाबरू नका. ट्रॅक-ॲट-वन्स (एकेक ट्रॅक वेगळा लिहिण्याच्या) पद्धतीने लिहिलेल्या सीडीत शेवटचे दोन ब्लॉक वाचता येत नाहीतच. आयएसओसाइज कमांड फाइलसिस्टीमचा खरा आकार सांगते, तेवढं वाचलं गेलं असेल तर डेटा पूर्ण आहे.