ग्रामीण रुग्णालयातील दंतविभाग सुरू करून घेण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दंतोपचाराची खुर्ची आहे, परंतु तिच्यावरचे प्लॅस्टिक अजून निघालेले नाही, कॉम्प्रेसर खोक्यातच आहे आणि दंतशल्यचिकित्सकाचे पद रिक्त आहे. साधी दाढ काढायलाही जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यात मजुराचा अख्खा रोज बुडतो, म्हणून बहुतेक जण दाढेखाली लवंग धरून दिवस काढतात.

वैद्यकीय अधीक्षकांना तीन ग्रामसभांच्या ठरावांसह निवेदन दिले आहे. ‘आपले सरकार’वरील तक्रार ‘वरिष्ठ कार्यालयाकडे वर्ग’ असा शेरा मारून बंद झाली. मंजूर पद आणि यंत्रखरेदी यांची माहिती माहिती अधिकारात मागितली होती. ३० दिवसांत उत्तर न आल्याने प्रथम अपील केले आहे. कृपया शिबिराचा पर्याय सुचवू नये, कारण शिबिरात तपासणी होते आणि चिठ्ठी मिळते, दाढ तशीच राहते. आंदोलनही तूर्त नको. असलेला कर्मचारीवर्ग आमच्या बाजूने आहे.

कॉम्प्रेसर जोडण्याचा खर्च रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून मागता येईल का, आणि राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातून कंत्राटी दंतवैद्य मिळावा यासाठी जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात मागणी समाविष्ट करून घ्यायची असल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांकडे ती कोणत्या महिन्यापर्यंत आणि कोणत्या कागदपत्रांसह द्यावी?